पॉइंट ट्रॅकिंगने आकार जागेला बांधणे: राजवाड्याच्या एका शॉटवर सविस्तर

आमच्या मंडळाने या वर्षी गणेशोत्सवासाठी जुन्या इंदूरवर एक छोटा माहितीपट करायला घेतला आणि संकलनाचे काम माझ्याकडे आले. त्यात राजवाड्याचा दहा सेकंदांचा एक शॉट आहे. समोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्याच्या बाजूला उभे राहून, मोबाइल हातात धरून तो घेतलेला आहे. कॅमेरा भव्य दरवाज्यापासून सुरू होतो आणि हळूहळू वर जातो. निवेदनात त्याच वेळी वाक्य येते, की या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. हे वाक्य कानावर पडताना दगड जिथे संपतो आणि लाकूड जिथे सुरू होते ती जागा डोळ्यांना नेमकी दिसावी, म्हणून त्या सांध्यावर एक रेघ, वरच्या चार मजल्यांभोवती एक चौकट आणि दोन छोटी नावे हवी होती. कॅमेरा हातात असल्यामुळे चित्र सतत हलते. रेघ त्याच्याबरोबर तंतोतंत हलली नाही, तर ती वाड्यावर काढलेली न वाटता पडद्याच्या काचेवर काढल्यासारखी वाटते, आणि मग ती नसलेलीच बरी.

आकार चित्रातल्या वस्तूला असे बांधण्यासाठी पॉइंट ट्रॅकिंग वापरतात, म्हणजे चित्रातला एक बिंदू फ्रेमफ्रेमने कुठे जातो त्याचा मागोवा सॉफ्टवेअरकडून घेतात. शिकताना बहुतेकांचे लक्ष आकाराकडे असते: रंग कोणता, रेघ कशी उमटावी, अक्षरे कशी सरकत यावीत. माझ्या अनुभवात या कामाचा मोठा भाग आकार काढण्यापूर्वीच होऊन जातो. बिंदू कोणता निवडला आणि तो चुकला तेव्हा कसा दुरुस्त केला, यावर सगळे अवलंबून असते. ट्रॅक जेवढा खरा असेल तेवढाच आकार खरा दिसतो. म्हणून या लेखात बिंदूंवर जास्त आणि सजावटीवर कमी लिहिले आहे.

मुख्य उदाहरण डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या फ्यूजन या विभागातले घेतले आहे. याचे कारण साधे आहे: रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंतचे चित्र हाताळते, तिच्यात ट्रॅकर आहे, आणि मंडळाच्या कामासाठी महिन्याचे भाडे भरून सॉफ्टवेअर घेणे सर्वांना शक्य नसते. फ्यूजन हे मूळचे स्वतंत्र सॉफ्टवेअर. ब्लॅकमॅजिक डिझाइनने ते 2014 मध्ये घेतले आणि 2018 मध्ये रिझॉल्व्हच्या 15 व्या आवृत्तीत सामावले. अडोबीचे आफ्टर इफेक्ट्स वापरणाऱ्यांसाठी पुढे स्वतंत्र भाग आहे.

ट्रॅकर नेमके काय करतो

ट्रॅकरला खिडकी, माणूस किंवा गाडी कळत नाही. आपण दाखवलेल्या छोट्या चौकोनातली उजेड-अंधाराची नक्षी तो लक्षात ठेवतो, आणि पुढच्या फ्रेममध्ये जवळपास शोधून तिच्याशी सर्वांत जास्त जुळणारी जागा कोणती ते सांगतो. लक्षात ठेवलेल्या तुकड्याला पॅटर्न म्हणतात आणि ज्या परिसरात शोध घ्यायचा त्याला सर्च म्हणतात. म्हणून पडद्यावर एकात एक असे दोन चौकोन दिसतात. ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी 1981 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवण्याची जी गणिती रीत मांडली, तिच्यावर या क्षेत्रातले पुढचे बरेच काम उभे राहिले. पुढे 1994 मध्ये जियान्बो शी आणि कार्लो तोमासी यांनी मागोवा घेण्यास योग्य बिंदू कसा ओळखावा, याचे मोजमाप दिले.

त्या मोजमापाचा व्यवहारातला अर्थ असा, की चौकोनातली नक्षी आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांना ठळकपणे बदलली पाहिजे. राजवाड्याच्या कोऱ्या भिंतीचा तुकडा घेतला तर तो कुठेही सरकवला तरी सारखाच दिसतो, म्हणून निरुपयोगी. सज्जाची लांब आडवी पट्टी घेतली तर वर-खाली हलणे कळते, पण डावी-उजवीकडे सरकल्याचा पत्ताच लागत नाही, कारण पट्टी सगळीकडे सारखी आहे. अशा बिंदूचा ट्रॅक पट्टीवरून मणी घरंगळावा तसा घरंगळत जातो. कोपरा मात्र दोन्ही दिशांना पक्का असतो. खिडकीची चौकट आणि तिची गडद पोकळी जिथे मिळतात तो कोपरा, दगडातला एखादा ठळक टवका, पाटीवरच्या अक्षराचे टोक, हे चांगले बिंदू.

राजवाड्यासारख्या इमारतीत आणखी एक अडचण आहे. खिडक्या ओळीने एकसारख्या आहेत. माझ्या फ्रेममध्ये शेजारच्या दोन खिडक्यांत सुमारे 90 पिक्सेलचे अंतर होते. सर्चचा चौकोन इतका मोठा ठेवला की त्यात शेजारची खिडकीही आली, तर हाताला जरा मोठा झटका बसताच ट्रॅकर बिनदिक्कत शेजारच्या खिडकीवर जाऊन बसतो, आणि जुळणीचा आकडा उत्तमच दाखवतो. नक्षी जुळली आहे हे खरेच असते. जागा तेवढी चुकलेली असते. म्हणून सर्च मोठा ठेवणे नेहमी सुरक्षित असते, हा समज सोडून द्यावा.

चित्रीकरण आणि तयारी

चित्रीकरण आपल्याच हातात असेल तर निम्मे काम तिथेच सोपे करता येते. मोबाइलमधले इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद ठेवावे, कारण ते प्रत्येक फ्रेम वेगवेगळी कापते, ताणते, आणि भिंतीचे कोपरे एकमेकांच्या तुलनेत सूक्ष्मपणे हलू लागतात. शटर शक्य असेल तर 1/100 किंवा 1/200 ठेवावे. हलण्याने येणारा धूसरपणा कमी होतो आणि कोपरे टोकदार राहतात. रात्रीच्या सराफा बाजारात, दिव्यांच्या उजेडात मात्र 1/200 ठेवू नये. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला 100 वेळा उजळतात-मंदावतात, त्यामुळे तिथे 1/50 किंवा 1/100 हेच शटर लखलख टाळते. कॅमेरा सावकाश फिरवावा, कारण मोबाइलचे सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतात आणि वेगाने फिरवल्यास उभ्या रेषा तिरक्या होतात. अशा वाकड्या चित्रावर कोणताही ट्रॅक पूर्ण बसत नाही.

फाइल संगणकावर आल्यावर पहिली तपासणी फ्रेमरेटची करावी. बहुतेक मोबाइल बदलता फ्रेमरेट वापरतात, म्हणजे एका सेकंदात कधी 29 तर कधी 31 फ्रेम. संकलनात अशी फाइल घेतली की मधूनच एखादी फ्रेम दुहेरी होते किंवा गळते. ट्रॅक तिथे थबकतो आणि लगेच उडी घेतो. हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून, दर्जा उच्च ठेवून फाइल पुन्हा तयार करावी आणि तीच पुढे वापरावी. ट्रॅकिंग नेहमी मूळ आकाराच्या चित्रावर करावे. प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती लहान प्रत, वापरत असाल तर तेवढ्यापुरती बंद करावी. रंगसंस्कार ट्रॅकिंगनंतर करावेत, कारण सावल्या गडद केल्या की त्यांतला जो बारीक तपशील ट्रॅकरला हवा असतो तोच आधी जातो.

आता शॉट एकदा संथपणे, फ्रेमफ्रेमने पाहावा आणि कागदावर नोंद करावी. माझा शॉट सेकंदाला 25 फ्रेमचा, 10 सेकंदांचा, म्हणजे 250 फ्रेमचा होता. नोंद अशी झाली: सांध्याचे डावे आणि उजवे टोक पूर्ण वेळ दिसते, वरचे दोन कोपरे पहिल्या साठेक फ्रेममध्ये चित्राबाहेर आहेत, फ्रेम 96 ते 101 मध्ये डाव्या टोकासमोरून एक कबूतर जाते, फ्रेम 120 वर चारही बिंदू स्पष्ट आहेत आणि हात जवळजवळ स्थिर आहे. या पाच मिनिटांच्या नोंदीने पुढचा तासभर वाचतो. फ्रेम 120 ही माझी संदर्भ फ्रेम ठरली. ट्रॅक पहिल्या फ्रेमपासूनच सुरू केला पाहिजे असा नियम नाही. जिथे सर्व काही सर्वांत स्वच्छ दिसते तिथून सुरू करून पुढे आणि मागे अशा दोन्ही दिशांना जावे.

किती बिंदू लागतील, हेही आताच ठरवावे. एका बिंदूने फक्त स्थान कळते. दोन बिंदूंनी फिरणे आणि लहान-मोठे होणेही कळते: त्यांच्यातले अंतर सुरुवातीला 300 पिक्सेल आणि शेवटी 360 असेल, तर वस्तू 120 टक्के झाली आहे. सपाट पृष्ठभाग तिरपा होत जात असेल तर चार बिंदू हवेत, कारण दृष्टिकोनाच्या गणितात आठ अज्ञात राशी असतात आणि प्रत्येक बिंदू दोनच समीकरणे देतो. सर्व बिंदू मात्र एकाच प्रतलावर असावेत. राजवाड्याचे झरोके भिंतीच्या पुढे आलेले आहेत. एक बिंदू भिंतीवर आणि दुसरा झरोक्याच्या पुढच्या कडेवर घेतला, तर कॅमेरा थोडा सरकताच दोघे वेगळ्या वेगाने हलतात आणि चौकट श्वास घेतल्यासारखी फुगते-आकसते.

फ्यूजनमध्ये ट्रॅक करणे

टाइमलाइनवर क्लिप निवडून फ्यूजन पान उघडावे. तिथे 'मीडियाइन' आणि 'मीडियाआउट' हे दोन नोड, म्हणजे एकेक काम करणारे ठोकळे, असतील. शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून 'ट्रॅकर' शोधावा आणि मीडियाइनचा धागा त्याच्या पिवळ्या जागेत जोडावा. दर्शकात (व्ह्यूअरमध्ये) चौकोन येईल. त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला छोटा ठिपका धरून चौकोन ओढला की आतले चित्र मोठे होऊन दिसते. ते पाहत पाहत खिडकीचा कोपरा चौकोनाच्या मध्यावर आणावा. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंचा फरक मावेल एवढाच पॅटर्न घ्यावा. 1080 च्या चित्रात 20 ते 40 पिक्सेल पुरतात.

सर्च ठरवण्यासाठी शॉटमधला सर्वांत वेगवान भाग शोधावा आणि लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये बिंदू किती सरकतो ते पाहावे. माझ्याकडे तो सुमारे 14 पिक्सेल सरकत होता. म्हणून पॅटर्नच्या प्रत्येक बाजूला 25 पिक्सेल एवढाच सर्च ठेवला. झटक्याला पुरेसा, आणि शेजारची 90 पिक्सेलवरची खिडकी सुरक्षित अंतरावर.

यानंतर अॅडॅप्टिव्ह मोड येतो. हे बटण नीट समजून घेण्यासारखे आहे. 'नन' ठेवल्यास ट्रॅकर संदर्भ फ्रेममधला मूळ तुकडाच शेवटपर्यंत लक्षात ठेवतो. घसरण होत नाही, पण वस्तू मोठी झाली, वळली किंवा उजेड बदलला की ओळख हरवते. 'एव्हरी फ्रेम' ठेवल्यास तो प्रत्येक फ्रेमवर नवा तुकडा लक्षात ठेवतो. ओळख हरवत नाही, पण प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्या चुकीत मिसळते. दर फ्रेमला पिक्सेलचा दहावा भाग एकाच दिशेने चुकला, तरी 250 फ्रेमनंतर रेघ 25 पिक्सेल बाजूला गेलेली असेल. 'बेस्ट मॅच' हा मधला मार्ग आहे: बदल ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर त्या फ्रेमवर तो नवा तुकडा घेत नाही, आणि त्यामुळे क्षणभर पडलेली सावली त्याच्या स्मरणात शिरत नाही. वाड्यासारख्या स्थिर वस्तूसाठी मी आधी 'नन'ने प्रयत्न करतो आणि तुटले तरच 'बेस्ट मॅच'कडे वळतो. 'एव्हरी फ्रेम' मी वळणाऱ्या गाड्या आणि चालणारी माणसे यांच्यासाठी राखून ठेवतो.

रंगांच्या वाहिन्यांत ल्युमा, म्हणजे उजेडाची वाहिनी निवडावी. मोबाइल फाइल लहान ठेवण्यासाठी रंगाची माहिती उजेडाच्या एक-चतुर्थांश बारकाईनेच साठवतात, त्यामुळे कोपऱ्याचा खरा टोकदारपणा उजेडातच उरतो. रात्रीच्या चित्रात दाणे फार असतील तर मीडियाइन आणि ट्रॅकर यांच्यामध्ये हलका ब्लर नोड घालावा. ट्रॅकर त्या मऊ चित्रावर चालतो आणि अंतिम चित्र मूळच राहते.

संदर्भ फ्रेमवर उभे राहून पुढे जाण्याचे बटण दाबावे, मग त्याच फ्रेमवर परत येऊन मागे जाण्याचे. एका वेळी एकच बिंदू करावा. चारही एकदम चालवण्याचा मोह होतो, पण तेव्हा कोणता कुठे घसरला ते डोळ्यांतून सुटते.

चुकलेला ट्रॅक दुरुस्त करणे

पहिल्या प्रयत्नात चारही बिंदू बिनचूक आले, असे मला क्वचितच दिसले आहे. म्हणून हा भाग अपवाद न मानता कामाचा नेहमीचा टप्पा मानावा.

माझ्या शॉटमध्ये डावा बिंदू फ्रेम 96 ते 101 मध्ये कबुतराने झाकला गेला. मागे जाताना ट्रॅकरने कबुतराची पांढरी कड पकडली आणि सहा फ्रेम तिच्याबरोबर जाऊन तो रिकाम्या आकाशात थांबला. अशा वेळी संपूर्ण ट्रॅक पुसू नये. जिथपर्यंत बरोबर आहे तिथपर्यंतचे राखावे, बिघडलेल्या फ्रेमचे कीफ्रेम (त्या फ्रेमवर नोंदलेली जागा) काढावेत, कबुतराच्या पलीकडच्या, कोपरा पुन्हा दिसणाऱ्या फ्रेमवर (इथे 95) चौकोन पुन्हा हाताने त्याच कोपऱ्यावर ठेवावा आणि तिथून त्याच दिशेने प्रवास सुरू करावा. मधल्या पाच-सहा फ्रेमची पोकळी सॉफ्टवेअर सरळ रेषेने भरते, आणि हात त्या वेळात फारसा हललेला नसेल तर ती पुरते. हात हललेला असेल तर शेजारच्या, त्याच प्रतलावरच्या बिंदूचा ट्रॅक घेऊन तेवढ्या फ्रेममध्ये त्याचे अंतर जोडून चालवावे.

चित्राबाहेर जाणाऱ्या बिंदूसाठीही हाच विचार उपयोगी पडतो. वरचे दोन कोपरे पहिल्या साठ फ्रेममध्ये दिसत नव्हते. फ्यूजनच्या ट्रॅकरमध्ये 'पाथ सेंटर' नावाची निवड आहे. तिच्यातला 'ट्रॅक सेंटर' हा पर्याय घेतला की मूळ बिंदूचा मार्ग तसाच ठेवून पॅटर्नचा चौकोन दुसऱ्या, अजून दिसत असलेल्या खिडकीवर नेता येतो आणि त्या खिडकीच्या हालचालीवरून मार्ग पुढे वाढतो. नवी खिडकी त्याच भिंतीवरची आणि शक्य तितकी जवळची असावी.

आता तपासणी. मी दोन प्रकारे करतो. पहिला प्रकार म्हणजे खरा आकार काढण्यापूर्वी प्रत्येक बिंदूवर चार पिक्सेलचा लाल ठिपका लावून चित्र 400 टक्के मोठे करून पाहणे. दुसरा प्रकार अधिक कठोर आहे. ट्रॅकरच्या 'ऑपरेशन' पानावर 'मॅच मूव्ह' निवडून त्या बिंदूनेच चित्र स्थिर करावे. ट्रॅक खरा असेल तर सगळे चित्र हलेल, पण खिडकीचा तो कोपरा पडद्यावर खिळ्यासारखा स्थिर राहील. घसरण असेल तर कोपरा सावकाश सरकताना दिसतो, आणि नेहमीच्या चित्रात जी चूक डोळ्यांना जाणवतही नाही ती इथे लगेच उघडी पडते. पाहून झाल्यावर ऑपरेशन पुन्हा 'नन' करायला विसरू नये.

एक चूक मी स्वतः बराच काळ करत होतो, ती इथे सांगतो. ट्रॅक थरथरता दिसला की मी त्याचा मार्ग गुळगुळीत करून टाकत असे. परंतु हातात धरलेल्या कॅमेऱ्यात खरी थरथर असतेच. मार्ग गुळगुळीत केला की वाडा थरथरतो आणि रेघ तरंगते. आधी थरथर कोणाची आहे ते ठरवावे. चित्र स्थिर करून पाहिले तेव्हा कोपरा थरथरत असेल तर दोष ट्रॅकचा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे मोठा पॅटर्न, हलका ब्लर किंवा जवळजवळच्या दोन बिंदूंची सरासरी.

आकार बांधणे

ट्रॅक पक्के झाले की उरलेले काम सुखाचे आहे. 'बॅकग्राउंड' नोड घेऊन त्याला रेघेचा रंग द्यावा. मी गेरूच्या जवळचा रंग घेतला होता, पण राजवाड्याच्या काळसर लाकडावर तो बुडाला, म्हणून फिकट पिवळा केला. 'पॉलिगॉन' मास्क, म्हणजे रंग कुठे दिसावा ते ठरवणारा आकार, बॅकग्राउंडच्या निळ्या जागेत जोडावा. मग 'मर्ज' नोड घेऊन त्याच्या पिवळ्या जागेत मूळ चित्र आणि हिरव्या जागेत रंगाचा बॅकग्राउंड द्यावा.

संदर्भ फ्रेमवर, आणि फक्त तिथेच, पॉलिगॉनचे चार कोपरे काढावेत. फ्यूजनमध्ये पॉलिगॉन आपोआप कीफ्रेम घेतो. दुसऱ्या फ्रेमवर चुकून कोपरा हलवला की नकळत दुसरा कीफ्रेम पडतो आणि आकार स्वतःच हलू लागतो. चारही कोपरे निवडून, दर्शकात उजवी कळ दाबून पॉलिगॉनच्या यादीतून बिंदू 'पब्लिश' करावेत. इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे नोडच्या सेटिंगच्या पट्टीत, प्रत्येक कोपऱ्यासाठी स्वतंत्र नियंत्रण येते. त्यावर उजवी कळ, 'कनेक्ट टू', आपला ट्रॅकर, आणि त्यातले 'ऑफसेट पोझिशन' निवडावे. चारही कोपरे असे जोडले की आकार वाड्याला बांधला गेला.

'ऑफसेट पोझिशन'च का, हे सांगायला हवे. मागोवा घेण्यास चांगला बिंदू आणि रेघ जिथे हवी तो बिंदू, हे बहुधा एकच नसतात. दगड-लाकडाच्या सांध्यावर ठळक कोपरा नव्हता. तो थोडा वर, खिडकीत होता. ट्रॅकरच्या एक्स आणि वाय ऑफसेटने रेघेचे टोक खिडकीपासून खाली सांध्यावर आणता येते आणि ट्रॅकला धक्का लागत नाही. फ्यूजन जागा पिक्सेलमध्ये न मोजता 0 ते 1 अशी मोजते, खालचा डावा कोपरा 0, 0 आणि मध्य 0.5, 0.5, त्यामुळे ऑफसेट 0.01 सारख्या लहान आकड्यांत द्यावा लागतो. 1920 रुंदीत 0.01 म्हणजे सुमारे 19 पिक्सेल. हे अंतर लांब ठेवू नये, कारण चित्र मोठे होत गेले तरी ऑफसेट तेवढाच राहतो आणि टोक जागा सोडते.

पॉलिगॉनमध्ये 'सॉलिड' बंद करून 'बॉर्डर विड्थ' वाढवली की भरीव आकाराऐवजी बाह्यरेषा उरते. सांध्याच्या रेघेसाठी दोनच टोकांचा, न मिटवलेला पॉलिगॉन वेगळा काढावा. तिची 'राइट ऑन' लांबी 0 पासून 1 पर्यंत वीसेक फ्रेममध्ये नेली की रेघ डावीकडून उजवीकडे उमटत जाते. ही हालचाल आणि ट्रॅकची हालचाल परस्परांपासून स्वतंत्र राहतात, आणि तसेच ठेवावे. 'दगडी' आणि 'लाकडी' ही नावे 'टेक्स्ट प्लस'मध्ये लिहून त्याचे केंद्र ट्रॅकरच्या ऑफसेट पोझिशनला जोडावे. देवनागरीसाठी युनिकोड फाँट घ्यावा आणि जोडाक्षरे तुटत नाहीत ना ते पडद्यावर वाचून पाहावे.

आफ्टर इफेक्ट्समध्ये हेच काम

तिथे क्लिप लेयर पॅनेलमध्ये उघडून ट्रॅकर पॅनेलमधले 'ट्रॅक मोशन' दाबावे आणि 'पोझिशन' एवढेच निवडलेले ठेवावे. दोन चौकोन आणि मध्ये अधिकचिन्ह येते. आतला पॅटर्न, बाहेरचा सर्च, आणि अधिकचिन्ह म्हणजे जोडणीचा बिंदू, जो पॅटर्नपासून दूर नेता येतो. 'ऑप्शन्स'मध्ये ल्युमिनन्स निवडावा. जुळणीवरचा विश्वास (कॉन्फिडन्स) ठरावीक टक्क्यांखाली गेल्यास काय करायचे, हेही तिथेच ठरते. 'स्टॉप ट्रॅकिंग' निवडावे, म्हणजे चूक पुढे पसरण्याआधी तो थांबतो आणि आपल्याला विचार करता येतो.

आकाराचे कोपरे स्वतंत्रपणे बांधण्यासाठी शेप लेयरवर पेनने आकार काढावा, टाइमलाइनमध्ये त्याचा 'पाथ' हा गुणधर्म निवडावा आणि विंडो यादीतल्या 'क्रिएट नल्स फ्रॉम पाथ्स' मधून 'पॉइंट्स फॉलो नल्स' चालवावे. प्रत्येक कोपऱ्याला एक नल, म्हणजे अंतिम चित्रात न दिसणारा पण हलवता येणारा आधारबिंदू, मिळतो. मग प्रत्येक ट्रॅकसाठी 'एडिट टार्गेट'मध्ये त्या कोपऱ्याचा नल निवडून 'अप्लाय' करावे, दोन्ही दिशांसह. क्लिप कंपोझिशनमध्ये लहान-मोठी केलेली असेल तर बिंदू भलतीकडे पडतात. म्हणून ट्रॅक आणि आकार क्लिपच्या मूळ आकाराच्या कंपोझिशनमध्ये करावेत आणि तीच कंपोझिशन पुढे लहान-मोठी करावी.

चित्रात मिसळून टाकणे

ट्रॅक बरोबर असूनही रेघ वरून चिकटवल्यासारखी दिसते, याची कारणे सहसा तीन असतात. मोबाइलच्या चित्राची कड कधीच वस्तऱ्यासारखी नसते, म्हणून रेघेला अर्ध्या पिक्सेलएवढा मऊपणा द्यावा. कॅमेरा झटकन हलतो तेव्हा वाडा धूसर होतो, म्हणून रेघेलाही मोशन ब्लर द्यावा. सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर असेल तर मोशन ब्लरचा 'शटर अँगल' 180 अंश ठेवावा, 1/100 असेल तर 90. तिसरे कारण म्हणजे समोरून जाणारी वस्तू. कबूतर रेघेच्या मागून गेले तर सगळा भास तिथेच मोडतो. मूळ चित्राची एक प्रत सर्वांत वर ठेवून, सहा फ्रेमसाठी कबुतराभोवती हाताने मास्क काढला की पक्षी रेघेच्या पुढून जातो. या सहा फ्रेमना मला पंचवीस मिनिटे लागली आणि ती मला सार्थ वाटली.

रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, शॉटमध्ये मात्र हा उपाय चालत नाही. तिथे गुलालाचे ढग संपूर्ण दर्शनी भागावर येतात, कोपरे पुसले जातात, उजेड क्षणाक्षणाला बदलतो. अशा शॉटमध्ये आकार कायम ठेवण्याचा हट्ट धरू नये. ढग येण्याच्या आठ-दहा फ्रेम आधी त्याची अपारदर्शकता (ओपॅसिटी) उतरवावी आणि भिंत पुन्हा दिसू लागल्यावर त्याला परत आणावे. पाहणाऱ्याला ते स्वाभाविक वाटते, कारण रेघ ज्या भिंतीवर आहे ती भिंतच झाकली गेलेली असते.

याच पद्धतीने ई-रिक्षाच्या पाटीवरचा क्रमांक झाकता येतो. पाटीचे चार कोपरे ट्रॅक करावेत, पॉलिगॉन ब्लर नोडच्या निळ्या जागेत जोडावा आणि आकार पाटीपेक्षा थोडा मोठा ठेवावा. रिक्षा वळताना दूरचे दोन कोपरे आधी अस्पष्ट होतात. तिथे हाताने कीफ्रेम द्यावेत, कारण एका फ्रेमपुरता जरी क्रमांक उघडा पडला तरी कोणीही तिथे थांबवून वाचू शकतो. म्हणून हा शॉट वेगाने पाहून सोडू नये, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत एकेक तपासावा.

फाइल अंतिम करण्यापूर्वी रेघेची जाडी एकदा पुन्हा पाहावी. 1080 च्या चित्रात एक पिक्सेलची रेघ संगणकावर नाजूक आणि सुंदर दिसते, पण फाइल आकुंचित झाल्यावर ती लुकलुकते आणि सभागृहाच्या प्रोजेक्टरवर तुटक दिसते. मी चार पिक्सेल ठेवली, दहा सेकंदांचा तेवढाच तुकडा वेगळा काढून मंडळाच्या सभागृहात शेवटच्या रांगेतून पाहिला, आणि परत येऊन 'लाकडी' हे नाव अठरा पिक्सेल वर सरकवले, कारण तिथून ते चौथ्या मजल्याच्या खिडकीत मिसळून जात होते.